शेऱ्याचा रकाना

वाचनालयात तिला तोंडावर बाई म्हणत आणि पाठ वळली की शून्यबाई. हे दुसरं नाव तिला ठाऊक होतं. रागावण्याचं सोडाच, ती ते दागिन्यासारखं वागवायची.

नावामागचा हिशेब सरळ होता. वाचनालयात आलेली प्रत्येक वस्तू, मग ते पुस्तक असो, नकाशा असो की सीडी, आधी तिच्या टेबलावर येई. ती त्या वस्तूचा विषय ठरवी, कपाट ठरवी आणि दाखल नोंदवहीत एक ओळ लिही. कॉम्प्युटर आला तरी ही जाडजूड वही राहिली, कारण कायद्याने खरी तीच. नोंद चुकली तर नियम असा, की खोडायचं नाही, वर पांढरं फासायचं नाही. लाल शाईने आडवी रेघ मारायची, शेवटच्या ‘शेरा’ या रकान्यात लाल शाईनेच काय चुकलं ते लिहायचं आणि खाली सही करायची. तिच्या आधी या खुर्चीवर बसणाऱ्या गृहस्थांची पानं गोवर उठल्यासारखी दिसत. हिची एकतीस वर्षं, अडतीस हजारांवर नोंदी आणि लाल ठिपका एकही नाही.

अशा माणसाशेजारी डबा खायला बसणं अवघड. आपले घास मोजले जातायत असं वाटत राहतं. देवघेवीच्या काउंटरवरचा, ज्याला सगळे ‘देवघेव’च म्हणत, तो वीस वर्षं तिच्यासमोर जेवला आणि वीस वर्षं त्याने भाजी सांडू नये म्हणून मान डब्यात घालून खाल्लं.

आता तिच्या निवृत्तीला पंधरा दिवस उरले होते. मुख्य ग्रंथपाल, म्हणजे साहेब, तिच्याहून बारा वर्षांनी लहान, बोलायला गोड आणि सही करायला सावध. त्याने निरोपसमारंभासाठी एक चौकट बनवायला टाकली होती. ‘नोंदी अडतीस हजार, लाल शेरे शून्य,’ असा मजकूर आणि खाली तिचं नाव. वाचनकक्षात कायमची लागणार होती. बाई म्हणाली, “कशाला उगाच,” आणि दुसऱ्या दिवशी कुठली भिंत ते विचारून आली.

शेवटच्या दिवसांत हलकं काम म्हणून साहेबाने तिला निर्लेखन दिलं. दहा वर्षांत जी वस्तू कुणी घरी नेली नाही, तिची यादी निघते आणि ती भंगारात जाते. त्याला हा भारदस्त शब्द. सीडीसाठी त्यात एक पोटनियम होता. टाकण्याआधी प्रत्येक गाणं अर्धं मिनिट लावून बघायचं आणि यादीत ‘वाजते’ किंवा ‘वाजत नाही’ असं लिहायचं. वाजणारीही भंगारातच जायची. जाताना ती वाजत होती एवढं लिहिलेलं राहायचं. हा नियम कुणी आणि का केला ते कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे तो बदलायची कुणाची छाती नव्हती.

बाई मागच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसली. पहिल्या दिवशी चाळीस सीडी संपल्या. व्यायामाच्या सूचना, पक्ष्यांचे आवाज, परकी भाषा तीस दिवसांत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्रेचाळिसावी हातात आली आणि ती जरा वेळ तशीच धरून बसली.

कव्हरवर खडूने काढलेली, उलटी पडलेली तीनचाकी सायकल होती. खाली नाव होतं आणि आडनाव तिचंच. भावाच्या मुलीची सीडी होती ती.

ही भाची विशीला टेकली होती तेव्हा आत्याने तिच्यासाठी ग्रंथालयाच्या अभ्यासक्रमात जागा बघितली होती, फॉर्मसुद्धा स्वतः भरला होता. मुलगी प्रवेशाच्या दिवशी गेलीच नाही. एका डबे भरण्याच्या कारखान्यात पाळीवर लागली, गिटार घेतली, स्वतः गाणी लिहिली, स्वतः म्हटली आणि वर्षभरात ही सीडी काढली. भावाने मुलीशी बोलणं टाकलं. आत्याने टाकलं नाही. ती भाचीशी हवापाण्याबद्दल बोलू लागली, जे टाकण्यापेक्षा वाईट. सीडी वाचनालयात आली तेव्हा, घरच्या माणसासाठी मन लावून काम केलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून इतर वस्तूंना सात मिनिटं देणाऱ्या बाईने हिला एकच दिलं. सायकल बघितली, ‘बालविभाग’ लिहिलं, शिक्का मारला. ऐकायचा प्रश्नच नव्हता. नि:पक्षपातीपणा असं तिने त्याचं नाव ठेवलं होतं. फुरंगटणं हा शब्द तिच्या विषयसूचीत नव्हता.

तिने पहिलं गाणं लावलं. घड्याळाकडे बघत, अर्धं मिनिट.

टेबलावर बोटांनी ठेका धरल्यासारखा आवाज आला आणि त्यावर एक कोवळा, जरा घोगरा, कुणालाही न विचारता आत शिरणारा आवाज:

दार लावताना
आवाज करू नका,
असं म्हणणारेच
दार आपटून गेले.

बाईचा हात बटणाकडे गेला नाही. हा तिचा भाऊ होता, अगदी दाराच्या कडीसकट. अर्धं मिनिट होऊन गेलं, गाणं संपलं, दुसरं सुरू झालं.

गाण्यातलं तिला काही कळत नसे. तिला कळे ते विषय ठरवणं. ती सवयीने प्रत्येक गाण्याला कपाट शोधू लागली आणि एकही सापडेना. दु:ख म्हणावं तर मध्येच हसू फुटत होतं. विनोद म्हणावा तर शेवटची ओळ हसू देत नव्हती. कारखान्याचं गाणं तर चारच ओळींचं:

आठ तास
झाकणं लावली.
नववा तास
माझा.

आणि पुढे तीन मिनिटं नुसती गिटार. तो नववा तास. बाईने ती तीन मिनिटं पूर्ण ऐकली, आणि आपल्या नवव्या तासाचं आपण काय केलं हे आठवू लागली. फारसं आठवलं नाही.

मग दहावं आलं. ते घर सोडून गेलेल्या बाईचं होतं, म्हणजे वहिनीचं. ती गेली तेव्हा बाईने भावाची बाजू घेतली होती, दुसरी बाजू असते हे लक्षात न घेता.

बॅगेत काय मावलं
ते सांगते.
काय नाही मावलं
ते घरभर
शोधत बसा.

हे तिने तीनदा ऐकलं. मधल्या वेळात आपण यात कुठे आहोत तेही शोधून झालं. भाऊ होता, वहिनी होती, कारखान्यातला मुकादम होता, कुंडीतल्या प्लॅस्टिकच्या फुलांना रोज पाणी घालणारी वरच्या मजल्यावरची बाई होती, तिचं तर एकही झाड कधी मेलं नाही म्हणून कौतुक होतं. आत्या नव्हती. बाराच्या बारा गाण्यांत नव्हती. तिला राग आला आणि मग तिने त्या प्लॅस्टिकच्या कुंडीचं गाणं पुन्हा लावलं.

कव्हराच्या आत आभाराची यादी होती. मधेच एक ओळ: ‘आत्याला, वही दिल्याबद्दल.’ आणि त्यामागे घडी केलेली एक चिठ्ठी. वाचकाची होती, अकरा वर्षांपूर्वीच्या तारखेची.

‘ही गाणी मुलांची नाहीत. कपाट चुकलंय. मोठ्यांकडे ठेवा. चार दिवस उशीर झाला, माफ करा, दहावं गाणं सोडवेना. एका मुलीची आई.’

बाई चिठ्ठी घेऊन काउंटरवर गेली. “ही वाचकाची चिठ्ठी. शिक्का मात्र तुमचा आहे.”

देवघेवने चष्मा कपाळावर सारला. “हो. मीच घेतली होती.”

“चुकीबद्दलची चिठ्ठी माझ्याकडे यायला हवी.”

“यायला हवी.”

“मग?”

तो थोडा वेळ रबराच्या शिक्क्याशी खेळला. “बाई, तुमच्याकडे तुमची चूक घेऊन कोण जाणार? माझी पोरं तेव्हा लहान होती.”

“म्हणून तुम्ही आत सारून दिलीत.”

“ही एकच आत राहिली. बाकीच्या ठेवल्यात.” त्याने खालचा खण उघडला आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा वर ठेवला. झाकण फुगलेलं होतं. “टाकवत नव्हत्या. लोक मनापासून लिहितात.”

“किती आहेत?”

“मोजल्या नाहीत. मोजल्या असत्या तर तुमच्याशी जेवायला बसता आलं नसतं.”

बाईने डब्याला हात लावला नाही. ती साहेबाच्या खोलीत गेली.

साहेबाने सगळं ऐकलं आणि आवाजाला आणखी थोडी साखर घातली. “बाई, यात काहीच अवघड नाही. सीडी भंगारात गेली असं लिहा आणि घरी न्या. भाचीची आहे, आठवण राहील.”

“मला आठवण नकोय. मला ती कपाटात हवी.”

“मग मागच्या वर्षीची तारीख टाकून कुणाच्या नावावर दाखवा. कुणीतरी नेली म्हटलं की यादीतून आपोआप सुटते.”

“खोटी देवघेव?”

“एकच.”

“एकतीस वर्षं खरं लिहिलं ते हे करायला नाही.”

“खरं ना?” साहेबाने खुर्ची पुढे ओढली. “मग नियम ऐका. यादीतली वस्तू वाचवायला एकच कारण चालतं, कपाट चुकलं होतं. तसं म्हणायचं तर वहीत लाल शेरा. मी तुम्हाला अडवणार नाही. पण चौकट तयार आहे, बाई. छापून आलीय. पंधरा दिवसांसाठी एका सीडीपायी, जी अकरा वर्षांत एका माणसाने नेली…”

“एका माणसाने नेली आणि चार दिवस उशिरा आणली. या वाचनालयात किती पुस्तकं लोकांना सोडवत नाहीत?”

“उद्या संध्याकाळी भंगारवाला येतो,” एवढं तो म्हणाला.

मोबाइलवर तिने ती गाणी शोधली. कुठेच नव्हती. दोनशे प्रती निघाल्या होत्या, त्या ज्याच्या त्याच्या अडगळीत गेल्या असणार. लोकांना मागता येईल अशी ही एकच.

भाची चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायला बसते हे बाईला माहीत होतं. संध्याकाळी, डोळ्यांचं निमित्त करून ती तिथे गेली. भाचीने तिला बघितलं, खुर्चीकडे बोट दाखवलं आणि मशीन पुढे ओढलं. एकतीस वर्षांची झाली होती, मानेवर केस आखूड कापलेले, बोलणं कामापुरतं.

“हनुवटी इथे टेक. कपाळ पट्टीला. हलू नकोस.”

“ऐकली मी.”

“काय ऐकलीस?”

“तुझी सीडी.”

मशीनचा दिवा डोळ्यात पडला होता, त्यामुळे भाचीचा चेहरा दिसेना. “खालची ओळ वाच,” ती म्हणाली.

“दिसत नाही.”

“मग त्याच्या वरची.”

“तीही नीट नाही.”

“कधीपासून?”

“बरीच वर्षं.”

“मग इतकी वर्षं वहीत काय लिहीत होतीस, अंदाजाने?”

बाईने हे पोटात घातलं. एरवी घातलं नसतं. “ती बालविभागात होती,” ती म्हणाली. “मीच टाकली. कव्हर बघून.”

भाची हसायला लागली, पोट धरून, दुकानाचा मालक आतून डोकावेपर्यंत. “बालविभागात? आईच्या बॅगेचं गाणं बालविभागात? अगं, पोरं झोपली तरी असतील का?”

“एकीची आई झोपली नाही.” बाईने चिठ्ठी पुढे केली.

भाचीने ती वाचली. हसू थांबलं. तिने चिठ्ठी घडी करून परत दिली, ठेवून घेतली नाही.

“पुढचं काही लिहिलं नाहीस?” आत्याने विचारलं.

“आलं. मी वाटच बघत होते.” भाचीने भिंगांचा खण खटकन ओढला. “अकरा वर्षं सगळे हेच विचारतात. पुढची कधी, पुढची कधी. आहे ती कुणी ऐकली का? माझ्याकडे बारा गाणी होती, मी बारा म्हटली. तेराव्याची लाचारी केली नाही. मी हरून इथे बसलेली नाही, आत्या. मला हे काम येतं आणि आवडतं. येणारा प्रत्येक जण जाताना आधीपेक्षा बरं बघतो.”

“ओळी इतक्या लहान का गं?”

“तुझ्यामुळे.”

“माझ्यामुळे?”

“तू मला जुनी कोरी नोंदवही दिली होतीस ना, अभ्यासाला. बाकीच्या रकान्यांत मी हिशेब लिहायचे, कारखान्याचे तास, कुणाची पाळी. शेऱ्याचा रकाना रिकामा राहायचा. त्यात गाणी लिहिली. दोन बोटं रुंदी. लांब ओळ मावायचीच नाही, मग नको ते शब्द आपोआप गळायचे.”

बाईची हनुवटी अजून मशीनवरच होती. “माझ्यावर एकही नाही त्यात,” ती म्हणाली.

“तुझ्यावर लिहिलं असतं तर तुला ऐकवावं लागलं असतं. आणि तू तर हवेबद्दल बोलायचीस.”

“ती उद्या भंगारात जाईल. मी थांबवू शकते.”

भाचीने दिवा बंद केला. आता तिचा चेहरा दिसला. भावाचे डोळे, पण न झुकणारे. “माझ्यासाठी करणार असशील तर करू नकोस. मला उपकार नकोत, निरोपाच्या भाषणात माझं नाव नको. चुकलं असेल तर दुरुस्त कर. चुकलं नसेल तर जाऊ दे भंगारात, माझी गाणी काही रडणार नाहीत. चष्मा परवा मिळेल.”

दुसऱ्या दिवशी बाईने वही काढली, अकरा वर्षांपूर्वीचं पान उघडलं आणि खणातलं लाल पेन घेतलं. ते एकतीस वर्षांपूर्वी तिला खुर्चीबरोबर मिळालं होतं. शाई कधीच वाळून गेली होती. तिने कागदावर चार रेघा ओढल्या, चारही कोऱ्या उमटल्या. ती काउंटरवर गेली.

“लाल पेन आहे?”

“तीन आहेत,” देवघेव म्हणाला. “माझ्या चुका होतात.”

एक घेऊन ती परतली. साहेबाला कुणीतरी कळवलं असावं, कारण तोही मागोमाग आला आणि दारात उभा राहिला. देवघेवही डब्याची वेळ नसताना काउंटर सोडून आला, वीस वर्षांत पहिल्यांदा.

“बाई, अजून विचार करा,” साहेब म्हणाला. “कुणाला काही कळणार नाही.”

“मला कळलंय ना.”

“लोक म्हणतील, जाता जाता भाचीसाठी नियम वाकवला.”

“वाकवला तो अकरा वर्षांपूर्वी. भाची होती म्हणून एक मिनिट दिलं. परकी असती तर सात दिली असती. आज सरळ करतेय. लोकांना म्हणायचं ते म्हणू दे, मी त्यांनाही कपाट काढून देईन.”

देवघेवने खाकरून हसू गिळलं. बाईने पट्टी ठेवून लाल रेघ मारली. मग ती शेऱ्याच्या रकान्याशी आली, आणि तिला पहिल्यांदाच कळलं की तो खरंच दोन बोटांचा आहे. एकतीस वर्षांत तिला त्यात काही लिहावंच लागलं नव्हतं. मनात तिने लांबलचक वाक्य जुळवलं होतं, ‘सदर वस्तूचे अनवधानाने’ वगैरे. ते मावेना. ‘सदर’ गळला. ‘अनवधानाने’ खोटंच होतं, तेही गळलं. उरलं ते तिने एकाखाली एक लिहिलं:

गाणी मोठ्यांची.
कपाट चुकलं.
कव्हर बघितलं,
ऐकलं नाही.
आता ऐकलं.
राहू द्यावी.

खाली सही केली. सीडीच्या पाठीवरची ‘बालविभाग’ची जुनी चिठ्ठी सोलून नवी लावली आणि ती देवघेवच्या हातात दिली. “दर्शनी कपाटात ठेवा. आणि आधी माझ्या नावावर नोंदवा, चार दिवस उशिरा आणणार आहे.”

“दंड पडेल, बाई.”

“पडू दे.”

साहेब अजून दारातच होता. खाली अंगणात भंगारवाल्याची गाडी येऊन उभी राहिली होती. “चौकटीचं काय करायचं?” त्याने विचारलं, आवाजातली साखर संपली होती.

“भिंत तीच राहू दे. मजकूर बदला. नोंदी अडतीस हजार, ते बरोबर आहे. लाल शेरे किती, ते निरोपाच्या आदल्या दिवशी सांगते.”

“म्हणजे? एकच ना?”

बाईने देवघेवकडे बघून हात पुढे केला. तो समजला, खाली गेला आणि बिस्किटांचा डबा आणि उरलेली दोन लाल पेनं घेऊन वर आला. तिने डबा टेबलाच्या मधोमध ठेवला, पदराने झाकणावरची धूळ पुसली आणि नखाने ते उचकटायला लागली.